ढवळताना ऐकू येतं

लेस्कोवात्स गावचा शिवणाचा कारखाना बंद पडला तेव्हा ल्युबिंका चव्वेचाळीस वर्षांची होती. यंत्रावर हात चालू असले की तिचं डोकं ठिकाणावर असायचं. आता औषधाच्या दुकानात मदतनीस व्हायचं म्हणून ती घरून ऑनलाइन वर्गाला बसे. पण रिकाम्या हातांनी पडद्याकडे बघायला लागलं, की मन कुठल्या कुठे जाई. ओब्राद सरांनी नाव घेतलं की दचकून म्हणे, "काय विचारलंत?" असं दोनदा झालं होतं. तिसऱ्यांदा झालं तर परीक्षेला बसू देणार नव्हते.

शेवटचा तास नेमका वर्षभराची चटणी, आयवार, करायच्या दिवशी आला. लाल ढोबळ्या मिरच्या भाजून, सोलून, वाटून तयार होत्या; त्या आता तेलात ढवळत राहायच्या. थांबलं की बुडाला लागणार, आणि वर्षभराच्या बरण्या वाया. ल्युबिंकाने फोन फडताळावर टेकवला नि लाकडी उलथनं हातात घेतलं.

आणि नवल म्हणजे तिला सगळं ऐकू येऊ लागलं.

"ल्युबिंका, इन्सुलिनची न उघडलेली बाटली कुठे ठेवायची?"

"फ्रिजमध्ये, सर. पण..."

तेवढ्यात सासूबाई स्तामेना डोकावल्या. "अगं, पातळ दिसतंय! वांगं घातलंस ना? किती वेळा सांगितलं!"

"एकच घातलं हो, आई."

"आयवारमध्ये वांगं?" फोनमधून वर्गातली, व्रान्ये गावची ज्लाता ओरडली. "बाई, आयवार म्हणजे काय भाजी आहे?"

"आमच्याकडे घालतात, गप बस!" आणखी कुणीतरी.

"वांग्याने चव मऊ होते," ओब्राद सर म्हणाले, "माझी आई..."

"सर, तुमची आई निशची! निशवाल्यांना काय कळतंय!" ज्लाता म्हणाली.

वर्ग हसत सुटला. सरही हसले आणि आईच्या मिरच्या भाजायच्या भट्टीचं वर्णन करू लागले. ल्युबिंकाचं उत्तर अर्धंच राहिलं होतं. ते धरलं की नाही? तास संपत आला होता.

"सर!" ती जवळजवळ किंचाळली. "माझा प्रश्न!"

"कुठला बरं होता?" सर गोंधळले.

"इन्सुलिनचा. फ्रिजमध्ये ठेवायचं, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलं तर फेकून द्यायचं."

"बरोबर," सर ओशाळून म्हणाले. "आज लक्ष माझंच उडालं. परीक्षेला बसा. तीही ऑनलाइनच, फक्त तिथे हात टेबलावर, कॅमेऱ्यात दिसतील असे, स्थिर ठेवायचे."

ल्युबिंकाचं उलथनं थांबलं.

"अगं, ढवळ!" स्तामेनाबाई ओरडल्या.

ती पुन्हा ढवळू लागली आणि चाचरत म्हणाली, "सर, हात हलवले तर चालणार नाही का? कॅमेऱ्यासमोरच कणकेचा गोळा मळत बसेन. नाहीतर माझं मन तिथे नसतंच हो."

"असं आजवर कुणी विचारलं नाही," सर म्हणाले. "उद्या वर विचारून कळवतो."




"उद्या किती वाजता?" ल्युबिंकाने विचारलं, पण तास संपून फोन तोवर काळा झाला होता.