आत आहे म्हणतात

मंगळवारी बाबा द्रोणागिरीच्या कंटेनर यार्डात वारले. माझी मुलाखत त्यानंतर एकोणीस दिवसांनी होती.

बहुतेक मेडिकल कॉलेजांत मुलाखत नसते. नीटचे गुण आणि यादीतला क्रमांक पाहतात. मी अर्ज केलेल्यांपैकी एकाच कॉलेजात गुणांनंतर मुलाखतीला बोलवत आणि तिचे गुण वेगळे धरत. माझ्या गुणांवर इतर ठिकाणी जागा मिळेलच असं नव्हतं. बारावीनंतरचं एक वर्ष मी घरी बसून अभ्यासात काढलं होतं. आणखी एक काढायचं नाही, यंदा जमलं नाही तर बी.एस्सी.ला जायचं, असं घरात ठरलेलं होतं.

बाबा यार्डात सर्व्हेअर होते. पनवेलहून कंपनीच्या बसने रोज जायचे. बंदरातून आलेल्या कंटेनरला कुठे पोचा पडलाय का, सील शाबूत आहे का, हे पाहून ते अहवाल लिहीत. बहुतेक कंटेनर उघडायचे नसत. त्यामुळे आतल्या मालाविषयी लिहिण्यासाठी इंग्रजीत एक ठरलेला शब्दप्रयोग आहे. बाबा त्याचं मराठी करून सांगायचे, "आत आहे म्हणतात." कागदावर फरश्या असोत की खेळणी, स्वतः पाहिलं नसेल तर सर्व्हेअरने तेवढंच लिहायचं. घरीही त्यांची हीच सवय होती. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं लग्न ठरलं, असं आई म्हणाली की ते विचारायचे, "पाहिलंस, की म्हणतात?" आई म्हणायची, "लग्नाला बोलावतील तेव्हा जेवून खात्री करा."

मुलाखतीची तयारी त्यांनी सुट्टीच्या दिवशी सुरू केली. मी फ्लॅटच्या बाहेर जाऊन बेल वाजवायची, ते "कम इन" म्हणायचे, मी आत येऊन उभी राहायची. ते जेवणाच्या टेबलामागे बसलेले असत, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली घरची अर्धी चड्डी. एकदा मी बाहेर उभी असताना समोरच्या काकूंनी दार उघडलं.

"काय गं, घरातून हाकललं का?"

"मुलाखत चाललीय, काकू."

"स्वतःच्याच घरात? मग पास झालीस तरच जेवायला मिळणार वाटतं."

आतून आईचा आवाज आला, "परीक्षकसाहेब, तिसरी शिट्टी झाली की गॅस बंद करा."

ऑनलाइन क्लासच्या मॅडमनी मला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर लिहून पाठ करायला लावलं होतं. डॉक्टर का व्हायचंय, या प्रश्नाला माझं उत्तर असं होतं की मी आदिवासी पाड्यावर आरोग्यसेवेचं काम केलं आहे आणि तिथल्या लोकांचे हाल पाहून मी हा निर्णय घेतला. अर्जातही मी तसंच भरलं होतं. बाबांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

"किती दिवस काम केलंस?"

"कॉलेजचं शिबिर होतं. एक दिवस."

"हाल पाहिलेस?"

"म्हणजे, तिथे असतातच ना."

"म्हणजे आत आहेत म्हणतात. तू काय पाहिलंस ते सांग."

मला राग आला होता. मी म्हटलं, मी टेबलावर बसून रजिस्टर लिहीत होते. नाव, वय, रक्तदाब. वीटभट्टीवर काम करणारी एक म्हातारी आली होती. तिने विचारलं, किती हाय? मी म्हटलं, एकशे ऐंशी. ती म्हणाली, म्हंजे? मला सांगता येईना. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा. डॉक्टर तोवर दुसऱ्या पाड्यावर निघून गेले होते. ती थोडा वेळ थांबली आणि गेली.

बाबा म्हणाले, "हे पाहिलेलं आहे. हे सांग."

"हे फारच छोटं आहे, बाबा. इतर मुलं कायकाय सांगतील."

"ते त्यांचं सील, त्यांचं ते बघतील. आणि माहीत नसेल तिथे माहीत नाही म्हणायला शीक. तू मोकळी जागा दिसली की भरतेस."

हे झालं त्या रविवारनंतरच्या मंगळवारी ते वारले. फोन आईने घेतला होता.

पुढचे तेरा दिवस घरात लोक भेटायला येत होते. आई आतल्या खोलीत चटईवर असायची, आणि दारातल्या खुर्चीवर लोकांना आधी मी भेटायचे. येणारा प्रत्येक जण चपला काढून बसे आणि विचारी, नेमकं काय झालं? मी सांगायचे. पहिल्या दिवशी मला एवढंच म्हणता आलं की यार्डातून फोन आला. दुसऱ्या दिवशी एका आत्याने कुठून तरी ऐकलं होतं की रुग्णवाहिकेला उशीर झाला. पुढच्या माणसाला सांगताना मी तेही सांगितलं. कुणी म्हणालं, सकाळपासून छातीत दुखत असणार, त्यांनी अंगावर काढलं. तेही त्यात आलं. आई प्रत्येकाला आतून एकच सांगत होती, "काही त्रास झाला नाही हो त्यांना. बसल्या जागी गेले." तेही मी घेतलं. लोक मान हलवत, आणि निघताना 'येतो' न म्हणता नुसते उठत.

सहाव्या-सातव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी आता अडखळत नाही. कुठे थांबायचं ते मला कळलं होतं. रुग्णवाहिकेच्या ठिकाणी थांबलं की समोरचा माणूस डोळ्याला रुमाल लावी.

त्याच सुमारास क्लासच्या मॅडमचा फोन आला. त्यांनी आधी विचारपूस केली, ती मनापासून होती. मग म्हणाल्या, "बेटा, राग मानू नकोस. पण ते शिबिराचं सोडून दे आता. वेळेवर उपचार मिळाले असते तर बाबा वाचले असते, आणि म्हणून मला डॉक्टर व्हायचंय, असं सांग. पॅनेल हलून जाईल. शिवाय ते खरंच आहे ना?"

मी हो म्हटलं. रात्रंदिवस मी तेच तर सांगत होते. मी ते उत्तर इंग्रजीत लिहून काढलं. दीड मिनिटात बसलं.

नवव्या दिवशी दुपारी बाबांच्या यार्डातले एक काका आले. उरणजवळच्या गावचे, सील तपासायला बाबांच्या बरोबर असायचे. पिशवीत बाबांचं फ्लोरोसंट जाकीट धुऊन, घडी करून आणलं होतं. त्यांना सगळ्यांनी पुढे बसवलं, कारण शेवटी तेच जवळ होते. आईसुद्धा बाहेर येऊन बसली.

"त्रास नाही ना झाला त्यांना?" आईने विचारलं.

काका जाकिटाकडे बघत म्हणाले, "वहिनी, खोटं नाय सांगनार. मला म्हायती नाय. साहेब बोलले, जरा बसतो. गेटजवळच्या खुर्चीवर बसले. आमी पलीकडच्या रांगेत सील बघाया गेलो. दहा मिन्टांनी आलो तवा मान खाली होती. मंदी काय झालं ते मी नाय बगितलं."

"पण गाडीला उशीर झाला म्हणे," माझे मामा म्हणाले.

"गाडी लगेच आली. गेटवरच उभी असते ती. पन तवा साहेब होते का नवते, ते बी मला सांगता नाय यायचं."

आई उठून आत गेली. काका बराच वेळ बसले आणि मग उठले. ते गेल्यावर आई मला म्हणाली, "त्याला काय कळतंय. दोन शब्द बरे बोलायला काय जात होतं त्याचं?" मी जाकीट दारामागच्या खुंटीला टांगलं. त्या दिवसानंतर भेटायला आलेल्यांशी मामा बोलले.

मुलाखतीला मी आणि मामा एसटीने गेलो. तिघांचं पॅनेल होतं. अर्जावर वडिलांच्या व्यवसायाचा रकाना होता. मधल्या सरांनी विचारलं, कंटेनर सर्व्हेअर म्हणजे नेमकं काय करतात? मी सांगितलं, आणि सांगताना 'करायचे' म्हटलं. बाजूच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. कधी गेले, असं विचारलं. मी दिवस सांगितला.

"या अनुभवामुळे डॉक्टर व्हायची इच्छा आणखी पक्की झाली का?" त्यांनी विचारलं. आवाज मऊ होता. त्या मला वाट करून देत होत्या, हे मला कळत होतं.

दीड मिनिटाचं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं.

मी म्हटलं, "अर्ज मी त्याआधीच भरला होता. ते कसे गेले ते मला माहीत नाही. मी तिथे नव्हते."

मग तिसऱ्या सरांनी अर्ज उलटला. आदिवासी पाड्यावर किती दिवस काम केलं, असं विचारलं. मी एक दिवस म्हटलं. ते हसले, वाईट हेतूने नाही. "एका दिवसाला इतकी मोठी ओळ?" मी म्हटलं, लिहायला नको होती. मग त्या म्हातारीबद्दल सांगितलं. एकशे ऐंशी, आणि म्हंजे. "मला तिला सांगता यायला हवं होतं," एवढंच मी म्हणाले. इंग्रजी दोनदा अडखळलं. मामा बाहेर घड्याळ बघत होते. म्हणाले, "सगळ्यांत लवकर बाहेर तूच आलीस."

निवडयादीत माझं नाव नव्हतं. प्रतीक्षायादीत होतं, आणि ती यादी माझ्यापर्यंत आली नाही. मॅडमनी विचारलं तेव्हा पॅनेलसमोर काय बोलले ते मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, घास तोंडाशी आला होता." आईलाही सांगितलं. तिने फक्त विचारलं, "माहीत नाही असं कशाला म्हणालीस? मी रोज सांगत होते ना?" त्यानंतर आम्ही दोन दिवस कामापुरतंच बोललो.

ऑगस्टमध्ये मी बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. प्रॅक्टिकलची जर्नलं आणली, त्यांना कव्हरं घातली. मग राज्याच्या मेडिकल प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजात एक जागा सुटली आणि ती मला मिळाली. तिथे कुणी काही विचारलं नाही. कागद तपासले आणि शिक्का मारला.

आता मी तिसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डात रक्तदाब मोजला की आकडा सांगते, आणि त्याचा अर्थही सांगते. कधी कधी पेशंट विचारतात, याने काही होणार तर नाही ना? माहीत नसेल तर माहीत नाही म्हणते. आमच्या सरांना हे फारसं आवडत नाही.

सुट्टीत पनवेलला येते. घरात आता आम्ही दोघीच आहोत. कुणी ओळखीचं आलं की आई अजूनही सांगते, त्यांना काही त्रास झाला नाही. मी गप्प बसते. जाकीट दारामागच्या खुंटीला आहे. त्या दहा मिनिटांत काय झालं, ते आम्हाला माहीत नाही.