तिसऱ्या 'का'वर थांबलेली मॅच

सोमवारी सकाळी सातला लाइन बंद होती आणि कोणी कोणाशी भांडत नव्हतं. मी घाबरलो ते त्यामुळेच. आमच्या कॉव्हेंट्रीच्या प्लँटमध्ये लाइन थांबली की आधी आरडाओरडा व्हायचा, मग दुरुस्ती. त्या दिवशी माणसं मशीनशेजारी हाताची घडी घालून नुसती उभी होती. शेवटच्या तपासणीत ट्रकच्या गिअरबॉक्सची केसिंग्ज एकामागून एक रिजेक्ट होत होती. प्रत्येकीचं भोक हवं तिथून केसभर सरकलेलं.

मी तिथे क्वालिटी मॅनेजर होतो. निवृत्ती जवळ आली होती. क्वालिटीवाल्याचं काम सोपं करून सांगायचं तर माल चुकला की तो अडवायचा आणि का चुकला ते शोधायचं. अडवण्याला आम्ही होल्ड म्हणतो.

भोकं का सरकली ते लगेच सापडलं. डॅरेनने मशीनमध्ये एक आकडा चुकीचा घातला होता. डॅरेन आमचा सर्वांत चांगला सेटर. सेटर म्हणजे मशीनवर काम लावून देणारा. त्याने नीट लावलं की पुढची अख्खी शिफ्ट कोणाला डोकं चालवावं लागत नाही. अशी चूक मी त्याच्या हातून कधी पाहिली नव्हती. त्याच्या मशीनवर कोणीतरी चार संत्री ओळीने मांडून ठेवली होती. तो त्यांच्याकडे बघत नव्हता, पण ती उचलतही नव्हता.

त्या संत्र्यांचा अर्थ कळायला आदल्या दिवशीची मॅच सांगायला हवी.

प्लँट एका अमेरिकन कंपनीने घेतला तेव्हा तिकडून आलेल्या एका मॅनेजरने कँटीनमागच्या मैदानावर बेसबॉल सुरू केला. मॅनेजर परत गेला, बेसबॉल राहिला. आमची टीम हौशी लीगमध्ये खेळायची. सप्टेंबरात वरच्या चार टीम्सचे प्लेऑफ होतात, म्हणजे सेमीफायनल आणि फायनल. आम्ही पहिल्यांदाच तिथवर पोचलो होतो. सेमीफायनल समोरच्या टीमच्या मैदानावर, तासाभराच्या अंतरावर. रविवारी अर्धा प्लँट बायकापोरांसह, फोल्डिंगच्या खुर्च्या आणि थर्मास घेऊन तिकडे गेला होता.

क्रिकेटवाल्यांसाठी एवढंच सांगतो. पिचर म्हणजे बोलर. त्याने एकाच बॅटरला चार चेंडू वाइड टाकले तर बॅटर काही न करता पहिल्या बेसवर चालत जातो. याला वॉक म्हणतात. तिन्ही बेसवर आधीच माणसं उभी असतील तर सगळे एकेक घर पुढे सरकतात आणि तिसऱ्या बेसवरचा माणूस फुकटात धाव काढतो. शेवटच्या इनिंगमध्ये, समोरच्यांच्या शेवटच्या बॅटिंगला बरोबरी असताना, तिन्ही बेस भरलेले असताना, डॅरेनने चार वाइड टाकले. सीझन संपला.

हरायचं तर निदान समोरच्याने चेंडू कुंपणाबाहेर मारून हरवावं. इथे चेंडू बॅटला लागला नाही, कोणाच्या हातून कॅच सुटला नाही. चाहत्यांना राग काढायला डॅरेनशिवाय कोणी उरलं नाही. सकाळपर्यंत त्याचं नाव 'वॉकर' पडलं होतं आणि चार वाइडची आठवण म्हणून मशीनवर चार संत्री आली होती.

आमचे प्लँट मॅनेजर फिलिप. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि मशीन बिघडलंय की माणूस, असं विचारलं. मी म्हटलं, माणूस. खरं तर सगळीच माणसं. मग त्यांनी सांगितलं की डॅरेनने कायमची नाइट शिफ्ट मागितली आहे. दिवसा कोणाचं तोंड बघायचं नाही म्हणतो. त्याच्या मुली तेव्हा नर्सरीत होत्या. रात्री काम आणि दिवसा झोप म्हटलं की त्या त्याला रविवारीच दिसणार होत्या.

"दुपारपर्यंत लाइन सुरू कर," फिलिप म्हणाले. "आणि तो दिवसपाळीत राहील असं बघ. कसं ते तुझं तू ठरव."

माझ्याकडे एकच हत्यार होतं. त्याला फाइव्ह व्हाय म्हणतात. काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायचं. फरशीवर तेल का सांडलं? पाइप गळतो म्हणून. का गळतो? वॉशर झिजलंय. का झिजलं? स्वस्तातलं आणलं. का आणलं? खरेदीवाल्यांना बचतीची शाबासकी मिळते. का मिळते? वरच्यांना फक्त बचतीचा आकडा दिसतो. इथवर आलात की फरशी पुसणाऱ्यावर कोणी ओरडत नाही. मी ठरवलं, मॅचचं फाइव्ह व्हाय करायचं.

दहाला सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. मॉरीनने बेकन घातलेल्या बॅचेस मागवल्या, माझ्यासाठी अंड्याची. कॉव्हेंट्रीत बनपावाला बॅच म्हणतात. मी नवीन असताना मालाबद्दल माइकवरून "सगळ्या बॅचेस होल्ड करा" असं सांगितलं होतं आणि कँटीनने नाश्ता बंद केला होता. मॉरीन ही गोष्ट तेव्हाही दर नवीन माणसाला ऐकवायची. ती डिस्पॅचची प्रमुख आणि चाहत्यांचीही. टीमच्या रंगाचे मफलर तिने स्वतः विणले होते आणि फायनलसाठी केक आधीच करून ठेवला होता.

बोर्डापाशी मार्कर घेऊन अश्विनी उभी होती. ती नागपूरची, वर्क व्हिसावर आलेली, आमच्याकडे प्रोसेस इंजिनिअर. आम्ही शॉपफ्लोअरवर इंग्रजीत आणि कोपऱ्यात मराठीत बोलायचो.

पहिला का: आपण का हरलो? मॉरीन म्हणाली, वॉकरने वॉक दिला म्हणून. थोडं हसू झालं. अश्विनीने नाव न घालता फक्त 'वॉक' असं लिहिलं.

दुसरा का: वॉक का दिला?  डॅरेन दारापाशी उभा होता, निघून जायच्या तयारीत. तो म्हणाला, "पाचव्या इनिंगपासून हात उचलत नव्हता."

"मग सांगायचं होतंस," मॉरीन म्हणाली.

"सांगून? दुसरा होता कोण?"

 हे खरं होतं आणि रात्रभर डॅरेनला नावं ठेवताना कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिसरा का आपोआपच आला: डॅरेनला बदललं का नाही? दुसरा पिचर मॅचला आला नव्हता म्हणून. दुसरा पिचर म्हणजे व्होयटेक, आमच्या गेज रूममध्ये मोजमापं घेणारा पोलिश इन्स्पेक्टर. सगळे त्याच्याकडे वळले. त्याने घरचं काम निघालं असं सांगितलं आणि माझ्याकडे पाहिलं.

अश्विनीने बोर्डावर चौथा आकडा घातला. मी तिला थांबवलं. घरच्या गोष्टी इथे नकोत, तीन का पुरेत, असं मी सगळ्यांना सांगितलं.

ती हळूच मराठीत म्हणाली, "सर, चौथा राहिलाय."

"राहू दे."

चौथा का असा होता. व्होयटेक रविवारी घरी नव्हता, प्लँटमध्ये होता. अश्विनीही होती. होल्डवर टाकलेला एक लॉट पुन्हा मोजायला मीच त्यांना बोलावलं होतं. मॅच आहे असं तो म्हणाला होता. मी म्हटलं, तिकडे पाऊस सांगितलाय, मॅच काही होत नाही. पाऊस कोणी सांगितला नव्हता. मी सांगितला.

आणि पाचवा का असा. गिऱ्हाइकाला तो लॉट बुधवारी हवा होता, सोमवारी मोजला असता तरी चाललं असतं. पण सोमवारी आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीचं विसर्जन होतं आणि मी मंडळाचा सेक्रेटरी. मला संध्याकाळी लवकर निघायचं होतं. मागे काही लोंबकळत राहायला नको होतं.

व्होयटेकने ते काम घेतलं, आणि मॅच झाली हे कळल्यावर प्लेऑफ सोडून ओव्हरटाइम केला असं टीमला सांगायची त्याला लाज वाटली. म्हणून घरचं काम. माझं खोटं आणि त्याचं खोटं नट-बोल्टसारखं एकमेकांत बसलं.

मीटिंग मी झोकात आवरली. कारण: दुसरा पिचर नसणे. उपाय: पुढच्या सीझनपासून तीन पिचर. जबाबदारी कोणाची? कोणीतरी म्हणालं, मॉरीनची, आणि तिलाही हसू आलं. मग ती फायनलचा केक घेऊन डॅरेनच्या मशीनपाशी गेली आणि तिने तिथल्या चार संत्र्यांतली दोन सोलून खाल्ली. जेवणाच्या सुट्टीआधी लाइन सुरू झाली. डॅरेनने नाइट शिफ्टचा अर्ज मागे घेतला. फिलिप माझ्यावर खूश झाले. आणि हो, विसर्जनाला मी वेळेत पोचलो.

निघताना कार पार्कमध्ये अश्विनीने मला गाठलं. फरशी पुसणाऱ्यावर कोणी ओरडत नाही असं तुम्हीच शिकवलं होतं ना, म्हणाली. मी म्हटलं, अगं, लाइन सुरू झाली ना.

झाली खरी. पण डॅरेनने परत कधी पिचिंग केलं नाही. मॅचला यायचा, मैदानाच्या रेषा आखायचा, मुलांना चेंडू पकडायला शिकवायचा. चेंडू टाक म्हटलं की खांदा दुखतो म्हणायचा. वॉकर हे नाव मात्र चिकटलं. नवीन लागलेल्या मुलांना ते त्याचं आडनावच वाटायचं.

मी निवृत्त झालो. फाइव्ह व्हायची ही गोष्ट मी मंडळात पुष्कळदा सांगितली. इंग्रजांना त्यांच्या दुःखाचं कारण बोर्डावर लिहून दाखवलं, असा तिचा थाट असे. लोक खूप हसायचे. गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमातही सांगितली. टाळ्या झाल्यावर मागच्या रांगेतून अश्विनी पुढे आली. ती आता लंडनमधल्या स्टॅनमोरला राहते, नवऱ्याबरोबर पाहुणी म्हणून आली होती. पाया पडली, तब्येत विचारली.

मग म्हणाली, "सर, अजून तिसऱ्यावरच थांबता?"

मी म्हटलं, "लोक हसतात तिथे थांबतो."

"हसतात हो. पण कोणाला हसतात? गोष्टीत तुम्हीसुद्धा त्याला वॉकरच म्हणता."

तिने आवाज चढवला नव्हता. घरी येताना बायको काहीतरी सांगत होती आणि मला त्यातलं काही आठवत नाही.

व्होयटेक पोलंडला परत गेलाय. गोष्टीत त्याचंही खोटं होतं, म्हणून आधी त्याला फोन केला. तो म्हणाला, खुशाल सांग, फक्त मला जबरदस्ती केली होती असं सांगू नकोस. ओव्हरटाइम मला हवा होता. वसंतात सीझन सुरू झाला तेव्हा मी कँटीनमागच्या मैदानावर गेलो. डॅरेन चुन्याच्या रेषा आखत होता. मी त्याला उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

तो चुन्याची गाडी ढकलत राहिला. एक रेष पूर्ण करून थांबला.

"पाऊस म्हणालास त्याला?"

"हो."

"माझी मान भाजली होती त्या दिवशी उन्हाने." मग म्हणाला, "मला सांगून काय उपयोग, सुरेश? माझा हात थकला होता हे मला माहीतच होतं. मॉरीनला सांग."

हे जास्त अवघड होतं. मॉरीनही आता निवृत्त आहे, पण चहाचा तंबू तीच चालवते. तंबूत जुनी बरीच माणसं होती. मी त्या सगळ्यांसमोर चौथा का सांगितला आणि मग पाचवा. विसर्जन म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं.

मॉरीनने चहाची किटली खाली ठेवली. "म्हणजे तुझ्या देवाला पाण्यात सोडायचं होतं म्हणून आमचा सीझन बुडाला?"

"हो."

"देवाची काही तक्रार नाही. तो बुडून मोकळा झाला. आम्ही अजून गटांगळ्या खातोय."

पुढचा तासभर सगळ्यांनी मला फार बोलून घेतलं. एकाने माझ्या गेज रूमचा उद्धार केला, दुसऱ्याने माझ्या हवामानाच्या अंदाजाचा. मी चूक कबूल करतोय म्हणून कोणी हळवं वगैरे झालं नाही. उलट त्यांना एक जुनी मॅच नव्याने खेळायला मिळाली होती. पाचव्या इनिंगमध्ये व्होयटेक आला असता तर काय झालं असतं, यावर वाद सुरू झाला. दुसरा चहा येईपर्यंत आम्ही सेमीफायनल जिंकलो होतो आणि बिस्किटं संपेपर्यंत फायनलही. डॅरेन खुर्ची ओढून मध्ये बसला आणि कोणता बॅटर कसा आउट झाला असता ते दाखवू लागला. खांदा चांगला वर जात होता त्याचा.

दुपारी एक साधी मैत्रीची मॅच होती. शेवटची इनिंग डॅरेनने मागून घेतली. इतक्या वर्षांनी टाकत होता. पहिल्याच बॅटरला चार वाइड. बॅटर चालत पहिल्या बेसवर गेला. 

मग मॉरीन तंबूतूनच म्हणाली, "सुरेश, हासुद्धा तुझ्या नावावर."

सगळे हसले, डॅरेन सर्वांत जास्त. पुढचे तिघे त्याने आउट केले. नाव काही बदललं नाही. त्याला अजूनही वॉकरच म्हणतात. पण ते कसं पडलं असं नव्या पोराने विचारलं तर गोष्ट आता व्होयटेकवर थांबत नाही, पुढे माझ्यापर्यंत येते, आणि सांगणारा बोट दाखवतो. मी हात वर करतो.

चाळीसेक वर्षं मी लोकांना शिकवलं की पाच वेळा का विचारावं. तीन 'का' का पुरत नाहीत, हे मात्र कोणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. उत्तर साधं आहे. पहिले तीन बहुधा दुसऱ्यांबद्दल असतात.