लेलेसरांचं नाक

डोंबिवलीची आमची कंपनी बंद पडून बराच काळ झाला. तरी जुने ऑपरेटर पाटीलदादा आणि मी मानपाड्याला चहाला भेटलो, की लेलेसरांचे किस्से निघतातच. एक संपेपर्यंत दुसरा आठवतो.

*

आम्ही ॲसेटिल क्लोराइड बनवायचो, औषधांच्या कारखान्यांना लागणारं एक रसायन. मी नवीन केमिस्ट म्हणून लागले, तेव्हा प्लांट इनचार्ज लेलेसरांनी मला बाटली दाखवली. दिसायला अगदी पाणी! झाकण उघडलं आणि पांढरा धूर, नाकात झणका. मी मागे सरकले.

"याला हवेतली ओलसुद्धा खपत नाही," सर म्हणाले. "पाणी पडलं तर उसळतंच."

*

बनवायचं म्हणजे ॲसेटिक ॲसिडमध्ये थायोनिल क्लोराइड हळूहळू सोडायचं, निघणारे वायू कॉस्टिकच्या पाण्यात जिरवायचे, मग माल डिस्टिल करायचा. पाटीलदादांना घाई फार. व्हॉल्व्ह जरा जास्तच उघडायचे. सर कधी ओरडले नाहीत. शेजारी येऊन शांतपणे विचारायचे, "पाटील, आज घरी लग्न आहे का?"

*

एका पावसाळ्यात पाइपच्या जोडातलं गॅस्केट फाटलं. प्लांटभर धूर. सरांनी आम्हाला बाहेर काढलं. पाटीलदादा आतच खोकत खाली बसलेले. सरांनी स्वतःचा मास्क त्यांच्या तोंडावर चढवला, त्यांना दाराकडे ढकललं आणि मास्कशिवाय तसंच आत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला.

सरांची छाती हळूहळू बरी झाली. वास येणं मात्र गेलं ते गेलंच.

*

सरांच्या वर्तकनगरच्या घरी एकदा दूध करपून धूर झाला, तरी सर शेजारी पेपर वाचत बसलेले! त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, आम्हाला हसत सांगायच्या, "भाजी विटली की नाही, तेही ह्यांना मीच सांगते."

पाटीलदादा हसायचे नाहीत.

*

काकू गेल्या. काही आठवड्यांनी आम्ही दोघं सरांना भेटायला गेलेलो. सरांनी कपाटातून काकूंची शाल काढली आणि पाटीलदादांच्या हातात दिली.

"सून म्हणते, चुकून धुतली. बघ रे जरा. अजून तिचा वास येतो का?"

पाटीलदादांनी शाल तोंडाशी धरली. बराच वेळ धरली.

"येतो ना, सर," ते म्हणाले. "घडी करून आत ठेवा. वारा लागू देऊ नका."