पुस्तकात नसलेली वीज

साठच्या दशकाच्या मध्यात मी अमरावतीला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. मॅट्रिकच्या वर्गाला शक्तिसाधनांचा धडा होता. त्यात कोळसा होता, तेल होतं, धरणाच्या पाण्यावरची वीज होती. त्याच आठवड्यात वाचनालयातल्या एका मराठी मासिकात मी वाचलं की फ्रान्समध्ये समुद्राच्या भरती-ओहोटीवर वीज करण्याचं मोठं काम चाललंय. मला राहवलं नाही. लेख वहीत उतरवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितला. नदी समुद्राला मिळते त्या मुखावर बांध घालायचा, भरतीचं पाणी दारांतून आत घ्यायचं, आणि ओहोटी लागली की तेच पाणी यंत्राच्या चाकांवरून बाहेर सोडायचं.

बहुतेक मुलींचं मोठं पाणी म्हणजे वडाळीचा तलाव. माझंही फारसं वेगळं नव्हतं, समुद्र मी पाहिलाच नव्हता. एका मुलीनं मात्र विचारलं की ओहोटी एखाद्या दिवशी चुकली तर? मी म्हटलं, पाऊस चुकतो, ओहोटी चुकत नाही. तिनं ते लिहून घेतलं.

ही मुलगी शाळेपासून लांब, गावाबाहेरच्या वस्तीतून चालत यायची. वडील बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली, आई कापसाच्या जिनिंगमध्ये. बुद्धधम्म घेतल्यावर वडिलांनी मनाशी ठरवलं होतं की थोरली मॅट्रिक होईल आणि नर्स होईल. त्यांच्या घरात अजून कुणी मॅट्रिक झालं नव्हतं.

मार्चमध्ये मॅट्रिकच्या पेपरात प्रश्न आला की वीजनिर्मितीच्या कोणत्याही एका साधनाची सविस्तर माहिती लिहा. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. मी सांगितलेलं सगळं तिनं आकृतीसकट लिहिलं होतं. मला बरं वाटलं.

निकाल लागला. ती बाकी सगळ्या विषयांत पास होती, भूगोलात तीन गुणांनी नापास.

गुणांची पुन्हा बेरीज करण्यासाठी अर्ज केला. उत्तर आलं, बदल नाही. मग मला झोप लागेना. ते उत्तर पूर्ण काटलं गेलं असणार, हे मला दिसत होतं, आणि ते उत्तर माझं होतं. तिचे वडील शाळेत आले, दाराशीच उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "बाई, पोरीनं खोटं लिवलं का?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही दादा, खरं लिहिलंय. ते तसेच वळले आणि गेले. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

कोणाचे पेपर कोणाकडे जातात हे गुप्त असायचं, पण शिक्षकांच्या खोलीत अशा गोष्टी फार दिवस झाकून राहत नसत. आमच्या केंद्राचे भूगोलाचे पेपर अकोल्याच्या एका वयस्क सरांकडे गेले होते. ते माझेच जुने शिक्षक. परीक्षकाला घरी जाऊन भेटणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं, हे मला माहीत होतं. तरीही रविवारी घरी सांगितलं की मावशीकडे जाते, आणि मासिकातून उतरवलेली वही पिशवीत घालून अकोल्याची एसटी धरली. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा उतरून परत फिरावं असं दोनदा वाटलं.

सर ओसरीवर आरामखुर्चीत होते. ओळखलं, आत बोलावलं, चहा सांगितला. मी चहा यायच्या आधीच बोलून टाकलं. ऐकता ऐकता त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"तो पेपर माझ्याकडे होता हे तुला कोणी सांगितलं?"

मी पिशवीतून वही बाहेर काढली.

"तू इथे आलीस हे मी परीक्षा मंडळाला कळवायला हवं. समजतं ना तुला?"

मी हो म्हटलं आणि वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून दोन पानं वाचली आणि वही मिटली. "हे तर तुझंच अक्षर. मासिक कुठाय?" मी सांगितलं की वाचनालय अंक बाहेर देत नाही. स्वतःच्याच कानाला ते लबाडीसारखं वाटलं. चहा तसाच निवत होता.

मग त्यांनी शिक्षकासारखे प्रश्न विचारायला सुरुवात केली. ओहोटी संपली की चाक थांबणार, मग वीज कुठली? मी म्हटलं, थांबणारच, तेवढा वेळ दुसरीकडची वीज वापरायची, पण पुन्हा कधी सुरू होणार ते आधीच काढता येतं. खाऱ्या पाण्यानं लोखंड गंजणार नाही का? ते मला ठाऊक नव्हतं, आणि मी तसं सांगितलं. का कोण जाणे, त्या उत्तरावर ते जरा सैल झाले.

वही परत देत म्हणाले, "आठवतो मला तो पेपर. आकृती सुबक होती. मला वाटलं, पोरीला काही येत नाही म्हणून मनानं रचून लिहिलंय." पुढे त्यांनी सांगितलं की गुण आता कुणालाच बदलता येणार नाहीत. मंडळाला कळवणार की नाही, ते बोलले नाहीत. मला विचारायचा धीर झाला नाही.

पुढचे काही महिने शिपाई वर्गाच्या दाराशी आला की मला वाटायचं, मंडळाची नोटीस आली. एकदा मुख्याध्यापिकाबाईंनी खरंच बोलावलं. हातात मंडळाचा लिफाफा होता. परीक्षेच्या पर्यवेक्षणाची नेमणूक निघाली. मी ती चिठ्ठी उभ्यानंच दोनदा वाचली, आणि बाईंनी विचारलं की बरं नाही का.

ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी मी त्या मुलीला शाळा सुटल्यावर शिकवायला घेतलं. पहिल्याच दिवशी बजावलं की विजेचा प्रश्न आला तर धरणाचं लिहायचं, पुस्तकात आहे तेवढंच. ती मान खाली घालून रेघा मारत होती. मग वर पाहिलं.

"बाई, मंग आमाले शिकवलं काहून?"

उद्धटपणा नव्हता त्यात. तिला खरंच उत्तर हवं होतं. मी म्हटलं, आधी पास हो. हे उत्तर नव्हतं, हे दोघींनाही कळलं.

पेपराच्या दिवशी मी दुसऱ्या केंद्रावर होते. सुटल्यावर सायकलरिक्षा करून तिच्या केंद्रावर गेले. फाटकाशी ती वडिलांबरोबर उभी होती. विजेवर पुन्हा प्रश्न होता, साधनांची नावं आणि एकाचं वर्णन. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "धरणाचं लिवलं. पूर्ण लिवलं." जरा थांबून पुढे म्हणाली, "मंग जागा उरली होती. त्यात समुद्राचंबी लिवलं."

मला संताप आला. एवढं सांगून, एवढं घोकून घेऊन. मी काही बोलणार तोच वडील म्हणाले, "म्या इचारलं तिले. ते म्हणे, खरं हाय तर लिवलं." त्यांच्या आवाजात काळजी होती, आणि काळजीखाली थोडा अभिमानही. मी मान हलवली आणि रिक्षात बसले.

निकालाचं वर्तमानपत्र आलं त्या दिवशी मी बारीक आकड्यांच्या रांगांवरून बोट फिरवत तिचा नंबर दोनदा चुकले. तिसऱ्यांदा सापडला. पास झाली होती. त्या समुद्राच्या ओळींना काही मिळालं की त्या पुन्हा काटल्या गेल्या, ते कधीच कळलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ती नर्सिंगच्या शिक्षणासाठी नागपूरला गेली. अकोल्याच्या सरांनी तक्रार केली नाही, पण मीही त्यांना पुन्हा भेटले नाही. नंतरच्या वर्षी शक्तिसाधनांचा धडा मी पुस्तकाबाहेर एक वाक्य न जाऊ देता संपवला. कोणी काही विचारलं नाही, आणि तास संपायला अजून बारा मिनिटं होती.