निकाल सांगा आधी

"निकाल सांगा आधी," असं म्हणून मास्तर गळ्यातली टेप दोन्ही हातांनी खाली ओढून धरायचे. विषय क्रिकेटचा असो, निवडणुकीचा असो, नाहीतर शेजारच्या सुनेच्या बाळंतपणाचा. "निकाल सांगा आधी. मग सावकाश सांगा, ऐकतो."

मी कुठलीही गोष्ट रंगवून सांगते, हे माझ्या घरचे जाणतात आणि शक्यतो टाळतात. अशा बाईच्या नशिबी हा शिंपी यावा! तुमच्याही ओळखीत कुणीतरी असेलच, जो कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचतो. मला अशा लोकांचा मनापासून राग येतो. मास्तरांचा आला नाही, कारण त्यांच्यासारखा ब्लाउज खडकीत दुसरं कुणी शिवत नव्हतं.

बाजारात त्यांचा छोटासा गाळा होता. बाहेर 'लेडीज टेलर' अशी पाटी आणि आत दोऱ्याच्या रिळांच्या डब्याला टेकवलेला मोबाइल. त्यावर आवाज बंद करून दोन माणसं एकमेकांना ठोसे मारत असायची आणि इकडे मास्तर कुणाच्या तरी पैठणीला फॉल लावत असायचे. नव्या गिऱ्हाइकाला ते जरा विचित्र वाटायचं. मलाही वाटलं होतं. पण मी खराडीच्या एका कंपनीत हिशेब तपासते, चौकशा करणं हा माझा धंदाच आहे.

"मास्तर, हीच मॅच गेल्या शनिवारी चालू होती ना?"

"दिवाळीतही होती."

"कोण जिंकतं?"

"निळा."

"माहीत आहे, तर मग बघता कशाला?"

त्यांनी मशीन थांबवलं. "ताई, पहिल्यांदा बघताना माणूस घाबरलेला असतो. कोण जिंकणार, कोण जिंकणार. घाबरलेल्या माणसाला काय दिसतं? निकाल कळला की भीती गेली. मग मॅच दिसते."

पण सगळ्याच मॅच त्यांना चालत नसत. पहिल्याच मिनिटात कुणी आडवा झाला की ते नाक मुरडायचे. "एका ठोशात संपली ती मॅच नाही, ती बातमी. बातमी कुणी दोनदा वाचतं का?" आमचे सासरे एकच पेपर संध्याकाळपर्यंत चारदा वाचतात, हे मी सांगितलं नाही. वाद नको म्हणून नव्हे, माझा गळ्याचा नमुना अजून ठरायचा होता म्हणून.

त्यांची आवडती मॅच म्हणजे जिच्यात हरणारा नेमका कधी हरला, ते पटकन सापडत नाही. "निकाल शेवटी लागतो. पण हरणारा त्याच्या आधीच कुठंतरी हरलेला असतो. ती जागा शोधायची." एकदा त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा मागे घेऊन दाखवला. आधी मला फक्त दोन घामाघूम बाप्ये दिसले. मग हळूहळू दिसलं. ठोसा बसायच्या कितीतरी आधी लाल पट्ट्याच्या माणसानं एकदाच खाली, जमिनीकडे बघितलं होतं. त्यानंतर तो नुसता उभा होता.

"सापडलं!" मी ओरडले. मास्तर असे खूश झाले, जणू मीच त्याला पाडलं होतं. त्या भरात शिवलेला ब्लाउज दुकानातच विसरून मी घरी आले. पुढे ऑफिसच्या मीटिंगमध्येही मला तीच सवय लागली. वाद कोण जिंकतंय याच्यापेक्षा टेबलाकडे आधी कोण बघतं, तेच मी बघत बसायची.

मास्तरांची मुलगी बॉक्सिंग खेळायची. आई लवकर गेलेली, घरात हे दोघंच. शाळेत असताना ती मैदानावर जायला लागली आणि तिथलीच झाली. गल्लीत कुजबुज झालीच. एका शहाण्यानं दुकानात येऊन "मुलीच्या जातीला हे बरं नाही" वगैरे सुरू केलं, तेव्हा मास्तर म्हणाले, "निकाल सांगा आधी. तिचं काही वाईट झालं का?" तो शहाणा चहा न घेता गेला.

मात्र या माणसानं मुलीची एकही मॅच समोर बसून बघितली नव्हती. स्कूटरवरून तिला सोडायचे, बॅग हॉलच्या दारापर्यंत न्यायचे आणि स्वतः टपरीवर उभे राहायचे. कुणीतरी बाहेर येऊन निकाल सांगितला की जिंकली तरी सगळ्यांना चहा, हरली तरी सगळ्यांना चहा. मग आठवडाभर ते रेकॉर्डिंग रिळांच्या डब्याला टेकलेलं. मी याची भरपूर थट्टा केली आहे.

बायकांची मापं घ्यायला मुलगी शनिवारी दुकानात असायची. एकदा माझं माप घेता घेता ती म्हणाली, "काकू, रिंगमधून बाहेर बघितलं ना, की प्रत्येकाचं कुणीतरी बसलेलं असतं. माझे अब्बा टपरीवर." हसून म्हणाली, पण टेप तिनं उगाच दोनदा गुंडाळली. तिला बाहेरगावी नोकरी लागली होती. येत्या रविवारची मॅच शेवटची. "एकदा आत बसा म्हणावं. तुमचं ऐकतील."

मी मास्तरांना गाठलं. ते कापडावर खडूनं रेघ मारत होते.

"ताई, तिला लागलं तर?"

"रेकॉर्डिंगमध्ये लागत नाही का?"

"रेकॉर्डिंग बघताना ती माझ्याशेजारी बसलेली असते," मास्तर म्हणाले. "सरबत पीत."

त्यानंतर मी त्यांची थट्टा केली नाही. म्हटलं, "मी बसते तुमच्या शेजारी."

रविवारी ते आले. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि गळ्यात विसरून राहिलेली टेप. आम्ही पहिल्या रांगेत बसलो. घंटा व्हायच्या आधी ते माझ्याकडे वळून म्हणाले, "निकाल..." आणि स्वतःच गप्प झाले.

मॅच मला तुटक आठवते. आपली मुलगी निळ्यात. सुरुवात झकास झाली. दुसऱ्या फेरीत तिला असा एक ठोसा बसला की रेफरीनं आकडे मोजायला घेतले. ती सावरली, शेवटपर्यंत लढली आणि हरली.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "अब्बा, बघितलंत?"

"बसलो होतो ना," ते म्हणाले आणि स्कूटर काढायला गेले.

तिनं माझ्याकडे बघितलं. पण मला तरी काय ठाऊक? मी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं. यांनी डोळे मिटून घेतले असणार, असं तिच्या मनानं घेतलं. त्यात मास्तरांनी त्या मॅचचं रेकॉर्डिंगही कुणाकडे मागितलं नाही. तेवढी एकच मॅच त्यांनी पुन्हा बघितली नाही. मुलगी नोकरीवर निघून गेली आणि तो प्रश्न दोघांत तसाच राहिला.

थंडीत मास्तर गेले. दुपारी जेवून जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत. माझा एक ब्लाउज हुकांवाचून दुकानात राहिला होता. तो मी अजून कुणाला लावायला दिलेला नाही.

मध्यंतरी मुलगी गाळा रिकामा करायला आली आणि मला बोलावून घेतलं. तिच्या एका मैत्रिणीनं ती मॅच समोरच्या बाजूनं टिपली होती. "एकटीला बघवत नाही, काकू." आम्ही मोबाइल रिळांच्या डब्याला टेकवला.

"निकाल माहीत आहे," ती म्हणाली.

"मग दिसेल," मी म्हटलं.

दोरांच्या पलीकडे, पहिल्या रांगेत आम्ही दोघं स्वच्छ दिसत होतो. दुसऱ्या फेरीत ठोसा बसला आणि एका जाड बाईनं पदरात तोंड लपवलं. ती मी. शेजारी मास्तर टेप ओढून धरून उठून उभे राहिले होते, डोळे उघडे. तिथून पुढे ते खाली बसलेच नाहीत. मागचे लोक ओरडत असणार, त्यांना पत्ता नव्हता.

शेवटी रेफरी दोघींचे हात धरून मधे उभा राहिला. सगळा हॉल त्या हातांकडे बघत होता. पदरातून मीसुद्धा. मास्तर बघत नव्हते. ते मुलीच्या चेहऱ्याकडे बघत होते. दुसरीचा हात वर गेला, टाळ्या पडल्या, तरी त्यांची नजर हलली नाही.

मुलीनं ओढणीनं डोळे पुसले.

"काकू," ती म्हणाली, "मागे घ्या ना जरा."

मी मागे घेतलं.