जाळरेषेतला बहावा

“मॅडम, आग लागेल असं तुमचं म्हणणं आहे, की लागू शकेल असं?”

सोसायटीचे अध्यक्ष पेंडसे यांनी हे विचारले, तेव्हा माझी शेवटची स्लाइड पडद्यावर होती. मी म्हणाले, “लागू शकेल.”

“मग लागली की बोलू,” असे म्हणून त्यांनी पार्किंगचा विषय घेतला. त्या विषयावर समिती एकदम जागी झाली. मी लॅपटॉप बंद केला.

ही सोसायटी कोथरूडच्या टोकाला, टेकडीला लागून आहे. तिच्या शेवटच्या इमारतीत बहुतेक घरांत एकेकटे वृद्ध राहतात, मुले परदेशी. जिना अरुंद, लिफ्ट लहरी. इमारतीमागे कंपाउंडची भिंत आणि भिंतीपलीकडे लगेच टेकडीचा उतार. टेकडी पेटली, तर ही माणसे सुखरूप राहतील का, एवढाच माझ्या कामाचा प्रश्न होता.

हे काम मी पन्नाशीनंतर धरले. त्याआधी कॉलेजात भूगोल शिकवत असे. आता एका लहानशा कन्सल्टन्सीत वणव्याच्या धोक्याचे नकाशे करते. सहकारी माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे आहेत. ते मला आदराने वागवतात आणि जेवायला माझ्याशिवाय जातात.

आमच्या कामात जे जे जळू शकते, त्याला ‘इंधन’ म्हणतात. टेकडीवरचे इंधन म्हणजे वाळके गवत आणि पालापाचोळा. अलीकडे पाऊस उशिरापर्यंत पडत राहतो, म्हणून गवत कमरेएवढे वाढते; मग ऊन लवकर तापते आणि तेच गवत होळीच्या आधी कडकडीत वाळून उभे असते. आग वस्तीपर्यंत येऊ नये म्हणून गवत आणि वस्ती यांच्यामध्ये जमिनीचा एक पट्टा उघडा ठेवतात. ती जाळरेषा. तेथे आगीला खायला काही मिळू नये, हे तिचे सगळे शास्त्र.

नकाशावर या सोसायटीमागची जाळरेषा निर्दोष होती. सभेच्या आधी मी ती प्रत्यक्ष चालून पाहिली, तेव्हा तिच्यात रोपांच्या रांगा आढळल्या. जमीन आधीच साफ होती आणि सोसायटीच्या नळाची नळी तेथवर पोहोचत होती. त्यामुळे टेकडीवर फिरायला येणाऱ्यांनी तेथेच झाडे लावली होती, बहुतेक गेलेल्या माणसांच्या स्मरणार्थ. प्रत्येक रोपाशी नावाची छोटी पाटी. ओल टिकावी म्हणून प्रत्येक आळ्यात वाळक्या गवताचा जाड थर, आणि आळ्याला आळे लागलेले. इतक्या मायेने आगीसाठी कोणी सतरंजी अंथरलेली मी पाहिली नव्हती. सभेत मी हेच सांगितले होते, फक्त इतक्या स्पष्ट शब्दांत नाही.

सभेचा वृत्तांत मी आमचे प्रमुख रोहित यांना फोनवर दिला. “रिपोर्टमध्ये लिहिलंय ना, मॅडम? मग आपलं काम झालं,” ते म्हणाले. करारानुसार ते खरेच होते. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेकडीकडे गेले. रविवार होता, आणि घरी थांबण्यासारखे काही नव्हते.

जाळरेषेत एक गृहस्थ कॅनने पाणी घालत होते. त्यांचे नाव बापट; निवृत्त ड्राफ्ट्समन, शेवटच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एकटे राहणारे. झाडे अनेकांनी लावली होती, पाणी हे एकटे घालत. मी पूर्वी शिकवत असे, हे कळल्यावर त्यांनी मला ‘बाई’ म्हणायला सुरुवात केली. गवताचा धोका त्यांनी पूर्ण ऐकून घेतला.

“म्हणजे पांघरूण काढायचं. आणि मुळं उन्हात?”

“गवताच्या जागी दगड रचू या. त्याखाली ओल टिकते, आणि दगड जळत नाहीत.”

“दगड जळत नाहीत हे सांगायला कन्सल्टंट लागतो का, बाई?”

“सोसायटीनं फी त्याचीच दिली आहे,” मी म्हणाले, आणि माझे मलाच नवल वाटले.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बापटांनी मदत मागितली. जोडलेले हात पुष्कळ आले. कामाला हात आले नाहीत. मग रोज ऑफिसच्या आधी आम्ही दोघेच. मी आळ्यातले गवत उपसून पोत्यात भरी आणि ते दगड बसवत, नकाशात रेघा जुळवाव्यात तसे. त्यांच्या पत्नीच्या नावाचा बहावा रेषेच्या पार दुसऱ्या टोकाला, पार्किंगच्या शेडमागे होता. तेथून सुरुवात करू, असे मी सुचवले.

“नको. आधी इमारतीमागचं होऊ दे,” ते म्हणाले. “तिला थांबायची सवय आहे.”

बोलणे फारसे होत नसे. एकदा त्यांनी विचारले, घरी कोण असतं. मी म्हणाले, कोणी नाही. ते “हं” म्हणाले आणि पुढचा दगड मागितला.

इमारतीमागचा भाग पुरा झाला. शेडकडचा अर्धा राहिला असताना एका दुपारी त्यांचा फोन आला. “बाई, वर धूर आहे आणि वारा खाली येतोय. बंब बोलावलाय. मी सगळ्यांना जिन्यानं उतरवतोय.”

रिक्षाने मी पोहोचले, तेव्हा शेवटच्या इमारतीतली माणसे गेटपाशी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. सगळी होती. इमारतीमागे आग दगडांपर्यंत आली आणि पुढे काही न मिळाल्याने विझली. दुसऱ्या टोकाला ती आळ्यामागून आळे धरत भिंतीपर्यंत उतरली आणि भिंतीवरून शेडमध्ये गेली. बंब येईपर्यंत काही स्कूटर जळाल्या होत्या. बहाव्याच्या जागी काळी काठी उभी होती.

पुढच्या सभेत पेंडसे यांनी माझा विषय पार्किंगच्या आधी घेतला. यापुढे जाळरेषेत एकही झाड नको आणि वाचलेली रोपे पावसाळ्यात वर टेकडीवर हलवावीत, हा माझा सल्ला एकमताने मान्य झाला.

दुसऱ्या सकाळी बापट नर्सरीची पिशवी घेऊन त्याच आळ्यापाशी उभे होते. पिशवीत बहाव्याचे रोप होते.

“इथेच लावू ना, बाई? या वेळी दगड आधी रचतो.”

“नको,” मी म्हणाले. “इथे नाही.”

त्यांनी आळ्यातली राख पायाने सारखी केली. मग “बरं” म्हणाले आणि पिशवी उचलली.

जून उलटल्यावर मी दाखवलेल्या जागी ते रोप लावले. भोवती उघडा खडक असल्याने ती जागा सुरक्षित आहे, पण चढावर आहे; बापटांच्या गुडघ्यांना ती झेपत नाही. दिवाळीनंतर पाणी लागू लागले, तेव्हापासून कॅन घेऊन मी जाते. ते खाली कट्ट्यावर बसून पाहतात. तेवढ्या अंतरावरून बोललेले ऐकू येत नाही.

धोक्याविषयी ठाम बोलायचे असेल, तर ते आगीच्या आधी बोलावे. नंतरचे ठाम बोलणे बहुधा त्याच्याच वाट्याला येते, ज्याने आधीचे अडखळते बोलणेही ऐकून घेतलेले असते.