घोरतोय, उठत नाही

ये गं पोरी, कागदावर का होईना, अशी जवळ बस. इंटरनेटवर मुलांचा ग्रुप काढलास, कौतुकच आहे. पण आत्या पोलिसात होती, तिला एका शब्दाने विचारायचंस तरी! म्हणे, ‘नशेबद्दल कोणी बोललं, की ग्रुपबाहेर.’ हाच नियम मी आधी एकदा पाहिलाय. ते प्रकरण अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

नोकरीची शेवटची वर्षं होती. नाशकात तेव्हा गल्लोगल्ली सायबर कॅफे. कॉलेज रोडजवळच्या खोलीत चांदवडकडचा एक विद्यार्थी मेलेला सापडला. नशेसाठी गोळ्या घेतलेल्या. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला. मग खालच्या कॅफेवाल्याने खबर दिली, “मॅडम, याचा रूम पार्टनर त्या दुपारी नाशिकच्या पोरांच्या ग्रुपवर काहीतरी लिहीत होता. बघता बघता ते गायब झालं.”

“पुरावा उडवला!” आमचे हवालदार म्हणाले. “ग्रुपवालाच माल पुरवत असणार.”

ग्रुप चालवणाऱ्याला बोलावलं. सातपूरच्या कारखान्यात नोकरी करणारा सरळ तरुण. मी आधी चहा मागवला. चौकशीत माणसाची भीती कपावरच्या हातांत दिसते. याचे स्थिर होते.

“का उडवलंस?”

“रूल आहे, मॅडम. नशेचं नाव काढायचं नाही. पालक ओरडतात, उद्या तुम्हीच उचलाल.”

“लिहिलं काय होतं?”

“गोळ्यांचं काहीतरी.”

“पूर्ण वाचलंस?”

“‘गोळ्या’ दिसलं, तेवढ्यावर उडवलं.”

रूम पार्टनरने आधी रडत रडत सांगितलं होतं, ते मी या तरुणासमोर पुन्हा म्हटलं: ‘मित्राने गोळ्या घेतल्यात. घोरतोय, उठत नाही. दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल का? काय करू?’ मजकूर गेला, रूम पार्टनरलाही ग्रुपबाहेर काढलं. घोरतोय म्हणजे झोपलाय, असं समजून त्याने मित्राला चादर घातली आणि क्लासला गेला. ते घोरणं झोपेचं नव्हतं, श्वास अडकत होता.

आता त्याने कप खाली ठेवला. “मॅडम, माझी बहीण नर्स आहे हो. एक फोन केला असता...”

चिठ्ठीशिवाय गोळ्या देणाऱ्या औषध दुकानदारावर गुन्हा दाखल झाला. या तरुणावर कुठलंच कलम लागत नव्हतं. तो निघतच होता, तेवढ्यात मेलेल्या मुलाची आई आत आली. तिने मला एकच विचारलं, “बाई, घोरत व्हता ना? मंग जित्ता व्हता की वं.”

ते दारात उभ्या त्या तरुणाने ऐकलं.

त्याने नियम बदलला. कुठे मिळतं, किती घ्यायचं, हे लिहिलं तर काढणार. पण मदत मागणाऱ्याचं एक अक्षर पुसायचं नाही. आधी त्याला अँब्युलन्सचा नंबर द्यायचा. नियम करणारा वाईट नसतो गं, त्याला बहुतेकदा नुसती कटकट नको असते. पण पुसलं म्हणून माणूस घोरायचा थांबत नाही.

ती आई अजून येते माझ्याकडे, चांदवडहून एसटीने. येत्या रविवारी यायची आहे. तूही ये. नियम सुधारून आण, आणि तिच्यासमोर मोठ्याने वाच.